आल्यासारखं लावायचं नाही

पुन्हा तेच. मामा, या वेळच्या पत्रातही तुम्ही पुन्हा तेच कळवलंत, की माझ्या पायाला भिंगरी आहे, मी टायरच्या दुकानात टिकलो नाही, छापखान्यात टिकलो नाही, बेकरीतून तर पहिली भट्टी थंड व्हायच्या आत बाहेर पडलो, आणि या फुलांच्या नोकरीतूनही लवकरच उठेन, तेव्हा कुणी उठवायच्या आधी आपणच उठावं, परत यावं आणि तुमच्या दुकानात खिडकीजवळच्या स्टुलावर बसून घड्याळं दुरुस्त करायला शिकावं. तर त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तुम्हाला निवांत ऐकता येईल. मी येणार नाही. त्या स्टुलावर मी शाळा सुटल्यावर (म्हणजे मी शाळेतून सुटल्यावर, शाळा तर अजून भरते) बसलोच होतो, आणि तुम्हीच मला कान धरून उठवलं होतं. का, तर एक चालू घड्याळ ते कसं चालतंय हे बघायला मी उघडलं. बंद घड्याळ उघडायचं असतं, चालू घड्याळाला हात लावायचा नसतो, हे तुम्ही मला तेव्हा इतक्या वेळा ऐकवलंत की अजून झोपेत ऐकू येतं. आणि आता त्याच स्टुलावर या म्हणता. उठवताना कान माझा होता हे तुम्ही विसरलात, कान विसरलेला नाही.

रागाच्या भरात नमस्कार राहिला. तुम्हाला आणि मामीला वाकून नमस्कार (वाकून हे लिहायला सोपं आहे, सध्या माझी कंबर वाकली तर परत सरळ होत नाही). आईला सांगा की मी वेळेवर जेवतो. मामीचा गुडघा कसा आहे, छपराची गळती थांबली का, आणि तुमच्या परसातलं आलं कसं आहे, हेही कळवा. आल्याबद्दल मी विचारलं नाही तर तुम्हाला वाईट वाटतं आणि विचारलं तर मला वाईट वाटतं, त्याचं कारण पुढे येईल. तुमचा चष्मा हल्ली सारखा कुठेतरी ठेवलेला असतो आणि सापडत नाही, म्हणून पत्र मामीच वाचून दाखवते आणि तुम्ही सांगाल ते मामीच लिहून घेते, असं कळलं. बरं. घरात दोन खोल्या, त्यात एक कपाट, आणि चष्मा महिनोन्‌महिने सापडत नाही, तर तो चष्माही माझ्यासारखाच असणार, एका जागी टिकत नाही. (मामी, हे कंसातलं आणि कंसाबाहेरचं सगळं मोठ्याने वाच. जिथे मोठ्याने वाचायचं नसेल तिथे मी तसं लिहीन.)

आता या नोकरीचं सांगतो, कारण तुम्ही तिला "फुलांची नोकरी" म्हणता तेव्हा मी दिवसभर गजऱ्यांमध्ये लोळतो असं ऐकणाऱ्याला वाटेल. इथे ऊन असं आहे की सकाळी वाळत घातलेला सदरा मी दुसरा सदरा घालेपर्यंत वाळतो. पाणी टाकीत येतं ते मोजकं, आणि टाकीच्या झाकणाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली बाईंच्या कमरेला. बाई म्हणजे माझ्या मालकीणबाई. मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या, सगळ्या नर्सा त्यांच्या हाताखाली. निवृत्त झाल्या पण दवाखाना त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. सकाळी बागेत येतात त्या राउंड घ्यायला. कुंपणाच्या बाजूचं लिंबाचं झाड नीट उभं राहत नाही म्हणून त्याला त्यांनी खपच्या बांधल्यात. मी पहिल्या दिवशी उशिरा पोचलो, तर त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या मनगटाकडे बघितलं. त्या मनगटावर तुम्ही दुरुस्त करून पाठवलेलं घड्याळ होतं. मामा, मी तेव्हा काही बोललो नाही, पण ते घड्याळ मागे पडायचं. दुपारपर्यंत बरं चालायचं, मग माझ्यासारखंच थकायचं. बाई म्हणाल्या, घड्याळ कुठलं, तर मी अभिमानानं सांगितलं की माझ्या मामांच्या हातचं आहे. त्यानंतर माझ्या खानदानाबद्दल बाईंचं जे मत झालं ते पुसायला मला बरेच दिवस लागले.

मी लागलो आणि थोड्याच दिवसांत खोकं आलं. बाईंना एक थोरली बहीण आहे, ती लांब थंड हवेच्या गावात असते. दोघींमधून लहानपणापासून विस्तव जात नाही. (म्हणजे फोन करतात, तब्येत विचारतात, आणि फोन ठेवला की बाई उशी झटकतात.) थोरल्या बाईंचं म्हणणं एकच, की धाकटीच्या हातून माणसं वाचली असतील पण झाड एकही जगलं नाही. दोघींच्या आईच्या अंगणात आयरिस नावाची फुलं होती. घर विकलं तेव्हा थोरलीनं ती उपटून नेली आणि आपल्याकडे लावली, आणि दरवर्षी फुलली की फोनवर वर्णन करायची. बाई ऐकून घ्यायच्या. आता म्हातारपणी थोरलीला दया आली म्हणा की खोड काढायची हुक्की आली म्हणा, तिनं त्यातले गड्डे खोक्यात भरून पाठवले, आणि वर चिठ्ठी, की थंडी सरता सरता मी तुझ्याकडे येतेय तेव्हा बघीन, आणि यांना त्रास देऊ नकोस. या शेवटच्या वाक्यानं घात केला. बाई दोन दिवस तेच म्हणत होत्या, "मी त्रास देते का रे? मी कुणाला त्रास दिलाय का?" मी नाही म्हणालो. पगार महिनाअखेरीला असतो.

खोक्यातले गड्डे मी वर्तमानपत्रातून सोडवले आणि बघितलं तर हुबेहूब आलं. तीच बोटं, तशाच गाठी, तोच मातकट रंग, फक्त वर पानांचा कातरलेला पंखा. बाईंना लावायचं कसं ते माहीत नव्हतं आणि बहिणीला विचारायची त्यांची तयारी नव्हती. मी म्हणालो, काळजी करू नका, माझे मामा आल्यातले आहेत, त्यांना विचारतो. तुम्हाला कळवलं, आणि तुम्हीही पंचक्रोशीत तुमच्याइतकं आलं कुणाला कळत नाही अशा थाटात उत्तर पाठवलंत, की सोपं आहे, भुसभुशीत वाफा कर, शेणखत भरपूर घाल, चार बोटं खोल गाड, वरून झाकून टाक, आणि ओल अजिबात मोडू देऊ नकोस. (मामी, त्यांना म्हणावं आठवतंय का. आणि आठवत नाही म्हणाले तर पुन्हा विचार.) मामा, मी आयुष्यात प्रथमच तुमचं शब्दन्‌शब्द ऐकलं. वाफा असा केला की त्यावर आपणच आडवं व्हावं. बाईंनी राउंड घेऊन मान हलवली. मग त्यांनी गड्डे तपासले. चांगले टपोरे होते ते एका बाजूला काढले, आणि काही वाळके, सुरकुतलेले, म्हाताऱ्याच्या अंगठ्यासारखे होते, ते उचलून बघितले, दाबून बघितले आणि गेलेत म्हणाल्या. मेट्रननं गेलेत म्हटल्यावर मी कोण बोलणारा. मी ते टोपलीत घालून न्हाणीघराच्या मागे, जुनी फरशी फोडून निघालेला राडारोडा पडलाय त्या ढिगावर फेकून आलो.

टपोऱ्यांना चार बोटं खोल गाडलं आणि आमचं दोघांचं काम सुरू झालं. बाई पहाटे उठून झारीनं पाणी घालायच्या, कारण रोग्याला सकाळचं औषध चुकवायचं नसतं. मी संध्याकाळी घालायचो, कारण तुम्ही ओल मोडू नकोस म्हणाला होतात. सकाळचं पाणी बाईंनी मला सांगितलं नव्हतं (माळ्याचं काम आपण केलेलं त्याला कळलं तर तो आळशी होतो, असं त्यांचं मत), आणि संध्याकाळचं मी त्यांना सांगितलं नव्हतं (किल्ली त्यांच्या कमरेला, पण टाकीला खाली एक तोटीही आहे). तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांच्या कुंड्या तहानलेल्या, आणि आमचे गड्डे दिवसातून दोनदा अंघोळ करून बसलेले. त्यात वर काहीच दिसेना. तुम्ही मला ओळखता. मला कुठल्याही झाकलेल्या गोष्टीसमोर बसवत नाही. एक-दोन दिवस दम धरला, मग बाई दुपारच्या झोपल्या की मी खुरपं घेऊन हळूच एखादा गड्डा उकरायचा, मूळ फुटलंय का बघायचं आणि परत झाकायचा. मग दुसऱ्या दिवशी दुसरा. मग पहिल्याला काय वाटलं असेल म्हणून परत पहिला. एकदा उकरत असताना मागे सावली पडली. बघतो तर बाई, आणि त्यांच्याही हातात चमचा. त्यांनीही रोज सकाळी उकरूनच बघितलं होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं, मी खुरपं पाठीमागे लपवलं आणि त्यांनी चमचा पदराखाली. त्यानंतर आमचं जरा बरं जमायला लागलं.

पण गड्ड्यांचं काही जमलं नाही. थोड्याच दिवसांत वाफ्यातून वास यायला लागला. आधी बाईंना वाटलं माझा, मग मला वाटलं मोरीचा. शेवटी बाईंनी खाली वाकून वास घेतला, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मीच घाबरलो. हा वास मला माहीत आहे, एवढंच म्हणाल्या. उकरलं तर गड्डा बोटांत आला तो शिळ्या भाकरीच्या लगद्यासारखा. सगळेच तसे. पाणी, खत आणि अंधार, तिन्ही त्यांना नको होतं, आणि आम्ही तिन्ही दिलं. मामा, मी तुम्हाला दोष देत नाही. (मामी, इथे जरा थांबून त्यांच्याकडे बघ.) फक्त एवढंच सांगतो, की ते आलं नव्हतं. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. ओट्यावर बसून म्हणाल्या, ती येईल, काही बोलणार नाही, नुसती वाफ्याकडे बघेल, आणि मी मरेपर्यंत ते बघणं मला दिसत राहील. मग मला म्हणाल्या की महिना भरला की तू बघ दुसरं काहीतरी, बागच नाही तर माळी कशाला. मी हो म्हणालो. नोकरी जाण्याची मला सवय आहे, पण या वेळी आत कुठेतरी टोचलं, ते का ते मला तेव्हा कळलं नाही, आणि आत्ताही फारसं कळलेलं नाही.

दुसरं काहीतरी बघत होतो. बर्फाच्या कारखान्यात जागा होती, या उन्हात ती नोकरी कुणालाही आवडेल. निघायच्या तयारीत होतो, कपडे वाळत घालायला न्हाणीघरामागे गेलो, तर त्या ढिगाऱ्यावर हिरवं काहीतरी. फुटक्या फरश्या, चुन्याची ढेकळं, खडी, आणि त्यांच्यामधून पंख्यासारखी उभी पानं, तलवारीच्या पात्यासारखी ताठ. मी टोपली फेकली होती ती तशीच कलंडलेली. गड्डे अर्धे उघडे, पाठ उन्हात, पोट खडीत, खाली चार मुळं धरलेली. पाणी नाही, खत नाही, राउंड नाही, उकरणारं कुणी नाही. बाईंना बोलावलं. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी यांना गेलेत म्हणाले होते." मी म्हटलं हो. त्या म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस." मग हुकूम निघाला, की या ढिगाला कुणी हात लावायचा नाही, पाणी घालायचं नाही, आणि मी आणि त्या, दोघांनीही, न्हाणीघराच्या मागे पाऊल ठेवायचं नाही. कपडे वाळत घालायची दोरी पुढच्या दारी आणली. माझी नोकरी राहिली, काम मात्र काही न करण्याचं.

तुम्हाला वाटेल मजा झाली. मामा, मी टायर उचललेत, छापखान्यात कागदाची रिमं वाहिलीत, पण एखाद्या गोष्टीला हात न लावण्यासारखं अवघड काम मी आजवर केलेलं नाही. सकाळी उठलो की पाय आपोआप तिकडे वळायचे. मग मी त्यांना कुंपणाच्या बाजूला वळवायचो, गंजलेली जाळी घासायचो, अंगण झाडायचो, झाडलेलं परत झाडायचो. बाईही तशाच. त्यांची घरातली सगळी कपाटं लावून झाली, मग त्यांनी माझं लावलं. संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसायचो आणि न्हाणीघराच्या भिंतीकडे बघायचो, पलीकडे कुणी बाळंत होतंय आणि आपल्याला आत सोडत नाहीत अशी अवस्था. याच दिवसांत मी तुम्हाला जे कंटाळल्याचं लिहिलं होतं ते खरं होतं. थकवा कामाचा येतो असं मला वाटायचं. न केलेल्या कामाचा याहून जास्त येतो.

थंडी सरत आली तशी पानांमधून एक दांडा वर आला आणि त्याच्या टोकाला कळी. (भिंतीवरून बघायचं नाही असं बाई म्हणाल्या नव्हत्या, आणि शिडी होती.) थोरल्या बाई रविवारी येणार होत्या. आता या कळीनं दोन दिवस कळ काढावी एवढीच आमची अपेक्षा, तर ती शुक्रवारी सकाळीच उमलली. मामा, ते फूल कसं दिसतं हे मला लिहिता येणार नाही, माझं शिक्षण तुम्हाला माहीत आहे. जांभळं होतं. तीन पाकळ्या वर, तीन खाली, आणि खालच्या पाकळ्यांवर सुरवंटासारखी पिवळी लव. बाईंनी बघितलं आणि पदरानं नाक पुसलं. मग ऊन चढायला लागलं आणि त्या पाकळ्या अशा पातळ की जोरात श्वास घेतला तर फाटतील. रविवार लांब होता. शेवटी मी बाईंची काळी छत्री घेऊन त्या ढिगाऱ्यावर जाऊन उभा राहिलो. फुलावर सावली आणि मी उन्हात. शुक्रवार दुपार, शनिवार पूर्ण. शेजारचा न्हावी दुकानात जाता येता बघायचा. पहिल्यांदा त्यानं विचारलं, कोण आजारी आहे. दुसऱ्यांदा विचारलं, कोण गेलं. तिसऱ्यांदा काही विचारलं नाही, स्वतःचं स्टूल आणून दिलं. मग मी स्टुलावर बसलो. (होय मामा. मी. स्टुलावर. पूर्ण दिवस.) आणि शनिवारी संध्याकाळी ते फूल माझ्या डोळ्यांदेखत मिटलं, भिजलेल्या कागदासारखा त्याचा बोळा झाला. मी छत्री तशीच धरून बसून राहिलो. खाली ठेवावी हेही सुचलं नाही.

रविवारी थोरल्या बाई आल्या. रिक्षातून उतरल्या, पिशवी माझ्या हातात दिली, बहिणीकडे बघितलं आणि पहिलंच वाक्य, "वाळलीस." दुसरं वाक्य, "दाखव." बाईंनी त्यांना पुढचा रिकामा वाफा दाखवला नाही, थेट न्हाणीघरामागे नेलं. बाई चालताना मागे वळून माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांना काय म्हणायचंय ते मला कळत होतं, की बर्फाचा कारखाना अजून उघडा आहे का बघ. मी मागे मागे गेलो. आणि मामा, त्याच दांड्यावर, त्या बोळ्याच्या जरा खाली, दुसरं फूल उमललेलं. आणि त्याच्याखाली आणखी एक कळी, आणि बाजूच्या पंख्यातूनही एक दांडा. एका दांड्यावर ती एकामागून एक येतात हे आम्हाला कुठे माहीत होतं. मी दोन दिवस भाजून घेतलं ते एका पाहुण्यासाठी, आणि त्याच्यामागे अख्खं वऱ्हाड उभं होतं.

थोरल्या बाई काठी टेकून बघत राहिल्या. मग त्यांनी फरशीचे तुकडे बघितले, चुना बघितला, वर पडलेली माझी टोपली बघितली. आता काय ऐकावं लागतंय म्हणून बाई ताठ उभ्या. थोरल्या बाई म्हणाल्या, "आईची पण अशीच होती गं. चुलीची राख टाकायची ना, त्या ढिगावर. फेकलेलीच होती तिनंही." बाई म्हणाल्या, "आईनं वाफा केला होता." थोरल्या म्हणाल्या, "तो कोथिंबिरीचा. तू लहान होतीस." मग बाईंनी खरं काय ते सांगून टाकलं, गेलेत म्हणून फेकायला लावले ते. थोरल्या बाई हसायला लागल्या, त्यांना धाप लागली, शेवटी मला न्हाव्याचं स्टूल पुढे करावं लागलं, आणि त्यावर बसून त्या म्हणाल्या, "दवाखान्यात किती जणांना असं बाहेर काढलंस गं तू?" मला वाटलं आता उशा नाही, काठ्या झटकल्या जाणार. पण बाईही हसल्या. मी त्यांना हसताना प्रथमच बघितलं, त्यांना वरचा एक दात नाही. दोघी मग तिथेच त्या ढिगाऱ्यापाशी चहा प्यायल्या. मला चहा आणायला लावला आणि मध्येच कधी तरी माझी नोकरी पक्की झाली, पण ती बातमी त्यांनी मला न सांगता एकमेकींना सांगितली.

तर असं आहे. आता तुम्हीच सांगा, टिकतो की नाही. थोरल्या बाई जाताना सांगून गेल्यात की उन्हाळाभर यांच्याकडे ढुंकून बघायचं नाही, पाणी नाही, खुरपं नाही, त्या झोपलेल्या असतात. ऊन उतरलं की गड्डे सोडवायचे, वेगवेगळे करायचे, आणि पाठ उघडी ठेवून पुन्हा खडीत लावायचे. एकदा फुललेला गड्डा परत फुलत नाही, त्याच्या बाजूला फुटलेली पोरं फुलतात, तीही पुढच्या वर्षी. म्हणजे मला पुढच्या वर्षापर्यंत इथलं काम आहे. तेव्हा तुमचं स्टूल तुम्हालाच लखलाभ. खूप थकलोय, हात मोडल्यासारखे झालेत, म्हणून इथेच थांबतो. आईला आणि मामीला पुन्हा नमस्कार. तुम्हाला एकदा करून झाला आहे.

तुमचा (कान अजून लाल असलेला) भाचा

ता. क. – तुम्ही पाठवलेलं घड्याळ आता बरोबर चालतंय. बाई माझ्या मनगटावर बघून औषध घेतात. तुमच्या हाताला जवाब नाही, असं त्यांना सांगितलं आहे.

दुसरा ता. क. – मामी, मी म्हटलं होतं ते इथे. मामांना पत्र संपलं असं वाटू दे. कागद घडी कर, आणि ते परसात आल्याकडे गेले की इथून पुढचं मनातल्या मनात वाच. ते घड्याळ मी उघडलं. मागे पडत होतं म्हणजे ते चालू नव्हतं, बंदही नव्हतं, तेव्हा मामांचा नियम त्याला लागू होत नाही. आत बारक्या चाकाच्या स्प्रिंगमध्ये एक केस अडकला होता. पांढरा, आखूड. भुवईचा. मामी, घड्याळ उघडलं की मामा डोक्याला फडकं बांधून बसायचे, आणि मी नुसता उसासा टाकला तरी आत वाफ जाईल म्हणून ओरडायचे. त्यांनी स्वतः झाकण लावलेल्या घड्याळात केस. मी ते हातात घेऊन किती वेळ बसलो होतो मला सांगता येणार नाही. मग बाईंच्या पेटीतल्या चिमट्यानं काढला आणि झाकण लावलं. मी उघडलेलं आणि परत नीट झाकलेलं ते पहिलं घड्याळ. तेव्हा चष्मा हरवलेला नाही, मामी. चष्मा सापडला तरी त्यातून काही दिसत नाही, हे तुलाही माहीत आहे आणि त्यांनाही, फक्त तुम्ही दोघं एकमेकांना सांगत नाही. आमच्या बागेत दोन जणांनी चोरून पाणी घातलं तसंच हे.

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मोतीबिंदू असेल, पिकायची वाट बघत बसू नये, ऑपरेशन छोटं असतं, पण त्यानंतर काही आठवडे खाली मान घालून बारीक काम करायचं नाही. मामा त्यालाच अडून बसले असणार, दुकान कोण बघणार म्हणून, आणि म्हणूनच ते मला स्टुलावर बोलावत होते. ते तसं सांगणार नाहीत, मेले तरी. तर मी येतो. उन्हाळाभर गड्डे झोपलेले असतात, आणि बाईंनी सुट्टी देताना म्हटलं की तू त्यांच्यापासून जितका लांब राहशील तितकं बरं. ऊन उतरलं की परत यायचं कबूल केलंय. तू दवाखान्यातून तारीख घेऊन ठेव. मामांना मात्र मी त्यांच्या डोळ्यांसाठी येतोय असं सांगू नकोस, ते ऐनवेळी चष्मा सापडला म्हणतील. सांग की मला इथून काढून टाकलं. ते त्यांना लगेच पटेल, आणि आनंदही होईल. आल्यावर काय बोलायचं ते बोलू देत, कान माझा तयार आहे. चालू घड्याळाला हात लावणार नाही, तेवढं मी इथे शिकलो.

तिसरा ता. क. – पैसे तुझ्या नावावर पाठवतोय, त्यांच्या नावावर नाही. विचारलं तर छपरासाठी म्हण. त्यात पगार आहे, बाईंनी दिलेली उचल आहे, आणि थोरल्या बाईंनी जाताना छत्रीचे म्हणून हातात कोंबलेले आहेत. एका डोळ्याचं आत्ता होईल, दुसऱ्याचं पुढच्या फुलांच्या वेळी बघू. मोजून घे: अकरा हजार सहाशे.